झेंडू छापताना: टॅबवरचं चित्र छापखान्यात पाठवण्याआधी

(ध्वनिमुद्रित भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, फक्त पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं काढली आहेत. भागात सांगितलेली यादी शेवटी एकत्र दिली आहे.)

मी मुदखेडहून बोलतेय. आज पाहुणे नाहीत, मी एकटीच आहे. कारण गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न फार वेळा आलाय. "ताई, टॅबवर चित्र काढलंय, ते छापायचंय. फाइल कशी द्यायची?" कुणाला लग्नपत्रिका छापायचीय, कुणाला कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ, कुणाला गावच्या जत्रेचं पोस्टर.

दरवेळी वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा म्हटलं, एकदा सविस्तर बोलूच. पण नियमांची यादी वाचून दाखवली तर तुम्ही दुसऱ्या मिनिटाला बंद कराल. म्हणून माझी स्वतःची फजिती सांगते. त्यात सगळे नियम आपोआप येतात, कारण त्यातला एकही मी पाळला नव्हता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मुदखेड भागात फुलशेती आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. झेंडू, गुलाब, मोगरा, गलांडा. तर इथल्या काही फूलवाल्या शेतकऱ्यांनी मिळून कॅलेंडर काढायचं ठरवलं. १५ बाय २० इंच, एकच पान, वर चित्र, खाली बारा महिने, आणि अगदी तळाला ऑर्डरसाठी फोन नंबर. नांदेडच्या फूल बाजारातल्या व्यापाऱ्यांना, मंडपवाल्यांना, हार करणाऱ्यांना वाटायचं. पाचशे प्रती. सगळ्यांनी वर्गणी काढून दहा हजारांच्या आसपास पैसे जमवले आणि चित्राचं काम माझ्याकडं आलं. माझं पहिलं पैशाचं काम.

मी जीव ओतून चित्र काढलं. झेंडूचं शेत, मागं निळंशार आभाळ, पोपटी पानं, बांधावर मोगऱ्याची टोपली घेतलेली बाई. टॅबवर ते असं काही उजळलं होतं, की बघणारा म्हणायचा, शेतात दिवे लावलेत की काय. वर मोठ्या अक्षरात नाव: फूल उत्पादक शेतकऱ्यांची दिनदर्शिका.

चित्र मी व्हॉट्सॲपवर पाठवलं. मजकुराची फाइल वेगळी पाठवली. छापखान्यातल्या दादांनी फोन केला. "ताई, सगळं बघितलंय ना? प्रूफ काढू का?" मी म्हटलं, "नको, घाई आहे. लावा."

हे "लावा" मला महागात पडलं.

कॅलेंडरं आली. गठ्ठा उघडला. झेंडू विटकरी झाला होता. आभाळ जांभळट. बाईचा चेहरा धुरकट. तारखांच्या प्रत्येक आकड्याला लालसर-निळसर सावली. नावात "शेतकऱ्यांची" च्या जागी "शेतकर्यांची". आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तळाचे फोन नंबर कापले गेले होते. अर्धे आकडे कागदावर, अर्धे छापखान्याच्या रद्दीत. ज्या नंबरांसाठी हा सगळा खटाटोप, तेच गेले.

गटातले एक वयस्कर मामा होते. त्यांनी कॅलेंडर हातात घेतलं, लांब धरून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "फूल सुकल्यावानी वाटायलंय, माय." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुन्हा छापायला पैसे नव्हते. मग रबरी शिक्का करून आणला आणि मी न् माझ्या आईनं बसून पाचशे कॅलेंडरांवर नंबरांचे शिक्के मारले. आर्ट पेपर गुळगुळीत असतो, शिक्क्याची शाई त्यावर लवकर वाळत नाही. निम्मे शिक्के फरफटले. ती रात्र मी विसरलेली नाही.

आणि हेही स्पष्ट सांगते. छापखान्यानं काही चूक केली नव्हती. मी जे पाठवलं, तेच त्यांनी छापलं.

भिंगातून दिसलेले ठिपके

काही दिवसांनी मी त्याच छापखान्यात गेले. म्हटलं, दादा, माझं नेमकं काय चुकलं ते दाखवा. दादा चांगला माणूस. त्यानं ड्रॉवरमधून छोटं भिंग काढलं, माझ्याच कॅलेंडरवर ठेवलं आणि म्हणाला, "बघा."

भिंगातून झेंडू दिसतच नव्हता. नुसते ठिपके. गुलाबी, पिवळे, आणि मधून मधून निळे न् काळे.

"झेंडूत निळे ठिपके काय करायलेत, ताई?"

इथं मुख्य मुद्दा येतो, तेवढा नीट ऐका. स्क्रीनवर रंग दिसतो तो प्रकाश असतो. लाल, हिरवा, निळा अशा तीन प्रकाशांच्या मिश्रणातून सगळे रंग तयार होतात. त्याला आरजीबी म्हणतात. कागदावर प्रकाश नाही, शाई आहे. चार शाया: सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा म्हणजे राणी कलरसारखा गुलाबी, पिवळा आणि काळा. हे सीएमवायके. आपल्याकडं छापखान्यात याला सरळ "फोर कलर" म्हणतात. प्रत्येक शाईची वेगळी प्लेट बनते आणि कागद चारही शायांखालून जातो.

प्रकाश मिसळत गेला की उजेड वाढतो. शाई मिसळत गेली की अंधार वाढतो. म्हणून स्क्रीनवरचे काही रंग शाईत येतच नाहीत. झगझगीत नारिंगी, पोपटी, गडद निळा हे त्यातले मुख्य. माझ्या चित्रात नेमके हेच तीन होते!

मी सावली देताना झेंडूवर काळपट निळा ब्रश फिरवला होता. स्क्रीनवर छान दिसलं. कागदावर नारिंगीत निळी शाई मिसळली, म्हणजे चिखल झाला. दादानं सांगितलेला उपाय साधा होता. झेंडू म्हणजे पिवळा १०० टक्के, मॅजेंटा ५० ते ६०, निळा शून्य, काळा शून्य. सावली हवी तर मॅजेंटा वाढवायचा, काळा नाही. निळ्याचंही तसंच. सायन १०० आणि मॅजेंटाही १०० ठेवला तर जांभळं येणार. आभाळ निळं हवं असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी पाहिजे.

एवढं करूनही टॅबवरचा तो पेटलेला नारिंगी येणार नाही, हे मान्य करावं लागतं. मग चित्रकारानं आपली अक्कल चालवायची. झेंडूशेजारी गडद हिरवं ठेवलं की तोच नारिंगी उजळ वाटतो. अगदीच अडलं, तर त्या एका रंगाची तयार शाई मागवून पाचवी प्लेट करता येते. ती स्पॉट कलर. पण एक प्लेट वाढली की खर्च वाढतो.

ही काही आजची अडचण नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं तैलचित्रांच्या प्रती शिळांवरून छापत, आणि प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा. कुठल्या शिळेवर काय जाणार, हे कारागीर नजरेनं ठरवत असे. आज तेच वेगळं करणं सॉफ्टवेअर एका क्षणात करतं. पण झेंडूत निळा जाऊ द्यायचा की नाही, हे सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही. ते आपलं काम.

म्हणून चित्र सुरू करतानाच कॅनव्हास सीएमवायके घ्या. प्रोक्रिएटमध्ये हा पर्याय नवा कॅनव्हास उघडतानाच निवडावा लागतो. संगणकावर क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर सीएमवायकेत काम करतं. मोबाईलवरच्या बहुतेक ॲपमध्ये फक्त आरजीबी असतं. हरकत नाही, तिथं काढा. पण मग संगणकावर आणून रंग बदला आणि बदलल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी बघून दुरुस्त करा.

चित्र मोठं म्हणजे किती मोठं?

बाईचा चेहरा धुरकट का झाला? माझा कॅनव्हास होता १५०० बाय २००० पिक्सेल. मोबाईलवर भरपूर. पण कॅलेंडर १५ इंच रुंद. १५०० भागिले १५, म्हणजे इंचाला १०० पिक्सेल. हातात धरून बघायच्या छपाईला इंचाला ३०० लागतात. म्हणजे मला हवे होते ४५०० बाय ६०००.

आणि वर व्हॉट्सॲप. फोटो म्हणून पाठवलं की ते चित्र दाबून लहान करतं. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर ईमेल, ड्राइव्ह, किंवा आपला पेनड्राइव्ह आहेच.

नंतर आकडा वाढवून काही होत नाही, बरं का. लहान चित्र ताणून ३०० केलं तर पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. पातळ वरणात पाणी घातल्यासारखं आहे ते. आकार पहिल्याच दिवशी ठरवायचा. ए-४ पानासाठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल, एवढं पाठ करून ठेवा.

फ्लेक्सचं गणित मात्र वेगळं. चौकातला बॅनर लांबून बघतात, तिथं खऱ्या आकारात इंचाला ७२ ते १०० पुरे. दहा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सला ३०० नं फाइल केली तर ती तुमच्याकडं उघडणार नाही, न् फ्लेक्सवाल्याकडंही.

कापणारं यंत्र आपलं चित्र बघत नाही

आता फोन नंबर. छापलेले कागद एकेक कापत नाहीत, थप्पी कापतात. थप्पीत कागद मिलिमीटरभर इकडं तिकडं सरकतोच. म्हणून दोन गोष्टी करायच्या.

पहिली, चित्र कडेच्या बाहेर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर वाढवायचं. याला ब्लीड म्हणतात. ते नसेल तर कडेला पांढरी रेघ राहते. १५ बाय २० च्या कॅलेंडरला ब्लीड धरून साधारण ४५७५ बाय ६०७५ पिक्सेल होतात.

दुसरी, महत्त्वाचा मजकूर कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत. मी तर म्हणते १० ठेवा. आणि कॅलेंडर असेल तर वर पत्र्याची पट्टी बसते, ती अर्धा इंच खाते. पुस्तक असेल तर शिलाईची बाजू खाते. छापखान्यात आधी विचारा, "दादा, कुठल्या बाजूनं किती जाणार?" एवढ्या एका प्रश्नानं माझी ती शिक्क्यांची रात्र वाचली असती.

काळा रंग आणि मराठी अक्षरं

तारखांना सावली का आली? माझी मजकुराची फाइलही आरजीबी होती. तिथला काळा आपोआप बदलला तेव्हा चारही शायांत वाटला गेला. फोटोशॉपच्या एका नेहमीच्या सेटिंगमध्ये हा काळा होतो सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९०. म्हणजे एक बारीक आकडा चार प्लेटांनी छापायचा! एक प्लेट केसभर सरकली की सावली आलीच. मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईत: काळा १००, बाकी शून्य. काळी पार्श्वभूमी मोठी असेल आणि नुसता काळा फिका वाटत असेल, तर सोबत सायन ४०, मॅजेंटा ३०, पिवळा ३० द्या. पण बेरीज बघा. चारही शायांची बेरीज आर्ट पेपरवर ३०० च्या आत हवी. मॅपलिथो शाई जास्त पितो, तिथं अजून कमी. नाहीतर शाई वाळत नाही आणि एका कागदाची छाप दुसऱ्याच्या पाठीवर उमटते.

आणि आता आपलं मराठी. हे इंग्रजीतल्या व्हिडिओंमध्ये तुम्हाला कुणी सांगणार नाही.

माझ्या फाइलमधला फॉन्ट छापखान्याच्या संगणकावर नव्हता. संगणकानं दुसरा लावला. त्या फॉन्टला आपला अर्धचंद्रासारखा "ऱ्या" येत नव्हता. हिंदीला तो लागत नाही, आपल्याला लागतो: शेतकऱ्यांचा, वाऱ्यावर, दुसऱ्या. त्यानं रफार काढला आणि झालं "शेतकर्यांची". आता हे कॅलेंडर कुणाचं? शेतकऱ्यांचं. आणि त्यांचंच नाव चुकलं.

मराठी मजकुराचे तीन घोळ नेहमी होतात. एक, फॉन्ट नसणं. दोन, जुनी आणि नवी पद्धत. कितीतरी छापखान्यांत अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालतात आणि आपण मोबाईलवर लिहितो ते युनिकोड. एकाचं दुसऱ्यात आणताना जोडाक्षरं बिघडतात, म्हणून बदलल्यावर अक्षर न् अक्षर वाचायचं. तीन, सॉफ्टवेअरचं सेटिंग. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड रेडी किंवा साउथ एशियन हा पर्याय लावला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडं जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात.

उपाय काय? शेवटची फाइल देताना अक्षरं कर्व्ह करायची. म्हणजे अक्षराचं चित्र होतं आणि मग कुठल्याही संगणकावर ते बदलत नाही. छापखान्यात "कर्व्ह करून पाठवा" म्हणतात ते हेच. पण कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही! म्हणून आधी दोन जणांकडून वाचून घ्या, मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, मग कर्व्ह करा. आणि शक्यतो पीडीएफ द्या. छपाईसाठी पीडीएफ/एक्स-१ए नावाचा प्रकार असतो. त्यात रंग छपाईचेच राहतात आणि फॉन्ट आतच बसतात. स्क्राइबस या मोफत सॉफ्टवेअरमधूनही तो काढता येतो.

प्रूफ

पुढच्या वर्षी मी स्वतःहून मामांकडं गेले. म्हटलं, कॅलेंडर मी करते, चित्राचे पैसे नकोत. मामा मोगऱ्याच्या कळ्या टोपलीत भरत होते. हसले आणि म्हणाले, "फुललेला मोगरा तोडतेत का, माय? कळी असतानाच तोडावं लागतंय. फुलायचा तर गिऱ्हाइकाच्या घरी."

ते कदाचित नुसतं मोगऱ्याबद्दलच बोलत असतील. पण मला माझी चूक तिथं कळली. मी माझ्या टॅबवर फुललेलं चित्र पाठवलं होतं. ते कागदावर पोचेपर्यंत सुकलं. फाइल आपल्याकडं कशी दिसते याला फारसा अर्थ नाही, ती तिकडं पोचल्यावर कशी दिसेल ते बघून करायची असते.

त्या वर्षी मी प्रूफ मागितलं. डिजिटल मशीनवर १३ बाय १९ च्या आसपासचाच कागद जात होता, म्हणून झेंडूचा भाग आणि तळाची पट्टी खऱ्या आकारात, त्याच कागदावर छापून घेतली. खर्च शंभर-दीडशे रुपये. ऑफसेटचा रंग प्रूफशी अगदी तंतोतंत जुळत नाही, तरी अंदाज येतो. दादा, मी आणि मामा, तिघांनी ते बाहेर उन्हात नेऊन बघितलं. ट्यूबलाइटखाली रंग बघू नका, दिवसाच्या उजेडात बघा. झेंडू नारिंगी होता. टॅबइतका नाही, पण झेंडू होता.

आणि मामांनी खिशातून मोबाईल काढला, नंबर एकेक आकडा लावून बघितला. एक आकडा चुकला होता. टाइप करताना माझ्याच हातून. पाचशे प्रतींऐवजी एका प्रतीवर सापडला.

आता भागात सांगितलेलं सगळं एकत्र. वहीत लिहून घ्या:

१. छापखान्यात आधी विचारा: आकार, कागद, किती रंग, कुठल्या बाजूनं किती कापलं जाणार.
२. कॅनव्हास खऱ्या आकारात, इंचाला ३०० पिक्सेल, सीएमवायके.
३. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड. मजकूर कडेपासून ५ ते १० मिलिमीटर आत.
४. उजळ रंगात काळी किंवा विरुद्ध शाई मिसळू देऊ नका.
५. बारीक मजकूर फक्त काळा १००. शायांची बेरीज ३०० च्या आत.
६. मराठी मजकूर दोघांकडून वाचून घ्या. "ऱ्या", वेलांट्या, जोडाक्षरं खास बघा. मग कर्व्ह.
७. मूळ फाइल जपा. नाव स्पष्ट द्या: काम, आकार, तारीख. "फायनल-फायनल-नवीन" असं नको.
८. पीडीएफ द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून कधीच नाही.
९. त्याच कागदावर प्रूफ घ्या, उन्हात बघा, फोन नंबर लावून बघा. मग "लावा" म्हणा.

त्या दुसऱ्या वर्षीचं कॅलेंडर आमच्या घरात अजून लावलंय. वर्ष संपलं तरी आई काढू देत नाही. पहिल्या वर्षीचंही एक मी ठेवलंय, फरफटलेल्या शिक्क्यासकट. नवीन काम हातात घेताना ते एकदा बघते.

तुमचं काही छापायचं अडलं असेल तर प्रश्न पाठवा. कुठला कागद, काय आकार, एवढं मात्र लिहा, म्हणजे उत्तर देता येतं. पुढच्या भागात कागदाविषयी बोलू: जीएसएम म्हणजे काय, आणि पत्रिकेला कुठला कागद घ्यायचा. तोवर काळजी घ्या. येते.